उपडं घातलेलं काचेचं भांडं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, आयुष्यभर लोकांचे कपडे उसवून त्यांच्या अंगाला बसवणारी शिंपीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, चष्मा लावून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला कोणी फिरकतही नाही. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती. हेही रागातच आहे, पण विचार करून.

१. दोन खोल्यांचं घर मुलाला. मागचं दार पावसात फुगतं, हे मी त्याला अकरा वर्षं सांगते आहे. आता दार त्याचं, ढकलेल तोच.

२. शिलाई मशीन सुनेला. ती तुटलेल्या बटणाचं काम पिनेवर भागवते. मशीन विकायची नाही. समोर ठेवून लाजायचं.

३. धाकट्या जाऊबाईंविषयी. हे कलम लांब आहे, वाचणाऱ्याने आधी पाणी पिऊन घ्यावं.

दर उन्हाळ्यात दिराच्या मागच्या अंगणात बार्बेक्यू होतो. शेगडीवर मांस दीर भाजतो, गोड आम्ही दोघी जावांनी करून न्यायचं. सासूबाईंनी घालून दिलेला नियम असा: जिने केलं तिने स्वतःचं चाखायचं नाही, आणि जिचं भांडं आधी रिकामं होईल तिने ते कठड्यावर उपडं घालायचं. तिला झाडाखालची वेताची खुर्ची, दुसरीला सगळी खरकटी भांडी.

माझं लिंबाचं पुडिंग अगदी सोपं. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून काचेच्या भांड्यात दाबायचा. कंडेन्स्ड मिल्कमध्ये लिंबाचा रस घालून ढवळलं की ते न शिजवता घट्ट होतं, ते वर ओतायचं. त्यावर पिठीसाखर घालून फेटलेलं क्रीम. बर्फाच्या पेटीतून न्यायचं, म्हणजे उन्हात टिकतं. जाऊबाई नेतात केळ्यांचा केक, तो घशाखाली उतरायला तांब्याभर पाणी लागतं. तरी सलग नऊ वर्षं भांडं त्यांचंच आधी उपडं, आणि भांडी घासायला मी. दहाव्या वर्षी मी कुंपणाआडून पाहिलं. त्या उरलेला केक कुत्र्यापुढे खरवडत होत्या.

मी म्हणाले, "आधी त्याचं तोंड पुसा, केळं लागलंय."

तर म्हणे, "अहो ताई, त्यालाही आवडतो, त्याला मी काय करू?"

चोराच्या उलट्या बोंबा. पुढची कित्येक वर्षं आम्ही एकमेकींशी फक्त ताटल्या मोजण्यापुरतं बोललो. कुत्रा मात्र पिंपासारखा झाला.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडावर हे गेले. तरी मी पुडिंग केलं. घरात बसून भिंतींकडे बघवत नव्हतं. तिथे पोचल्यावर मी जरा आत जाऊन पडले. बाहेर आले, तर कठड्यावर माझं भांडं उपडं. पहिल्यांदा. मी वेताच्या खुर्चीत बसले आणि हे गेल्यानंतर प्रथमच हसले. जाऊबाई समोर भांडी घासत होत्या. त्या एका दुपारच्या जोरावर मी सहा वर्षं काढली.

गेल्या उन्हाळ्यात दिराची जीभ सैल सुटली. "वहिनी, रागावू नका, पण त्या वर्षी तुमच्या पुडिंगात साखरेऐवजी मीठ होतं. सगळ्यांनी एकेक चमचा खाऊन ठेवून दिलं. हिने एकटीने अख्खं भांडं संपवलं. दोन दिवस नुसती पाणी पीत होती."

मला आठवलं. त्या आठवड्यात सगळे डबे धुऊन पुन्हा भरले होते ते मीच. मी जाऊबाईंना गाठून विचारलं, "कुत्रा होता ना घरात?"

"त्यानेही तोंड लावलं नाही, ताई."

"मग उरू द्यायचं होतंत."

"नाही देववलं," त्या म्हणाल्या, आणि ताटल्या मोजू लागल्या.

माझी जिंकलेली एकुलती एक दुपार अशी भीक निघाली. हे मी माफ केलेलं नाही, आणि मेल्यावरही करणार नाही.

सबब, काचेचं भांडं जाऊबाईंना. माझ्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात पुडिंग त्यांनी करायचं. साखर आधी चाखून बघावी. सासूबाईंचा नियम मी या कलमाने मोडते. उरलं तर उरू द्यावं, दयेपोटी कोणी एक चमचाही खाऊ नये. भांडी दिराने घासावीत. खुर्चीत जाऊबाईंनी बसावं, भांडं रिकामं होवो वा न होवो.

४. काल जाऊबाई साक्षीदार म्हणून सही करायला स्वतःचं पेन घेऊन आल्या होत्या. वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. त्यांना वाटलं, मी हाकललं. हे वाचून होईपर्यंत तसंच वाटू द्यावं.

सही: (उजव्या हाताने, न थरथरता)
साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले
साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या निवृत्त परिचारिका
स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: २६ एप्रिल, दुपारी चार वाजता