चूक क्रमांक सात

५ मार्च, सकाळी दहा

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. इकडे सगळं जिथल्या तिथे आहे, तिकडेही असावं. आठ महिन्यांनी दादाचं पत्र बघून दचकू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच "हो दादा, कळलं दादा" करतोस आणि मला क्रमाने सांगायचं आहे.

सोबतच्या खोक्यात तुझं घड्याळ परत पाठवतो आहे. पट्टा, चार्जरची वायर, माहितीची पुस्तिका, सगळं मोजून ठेवलं आहे. तू आत टाकलेली चिठ्ठीसुद्धा. "दादा, हे मोजतं." तीन शब्द. मागच्या वर्षी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाला होतास, "दादाचं सगळं कानावर चालतं, मोजमाप शून्य." त्यानंतर ही चिठ्ठी. मी शाळा आठवीत सोडली, पण तीन शब्दांचा अर्थ लावण्याइतका शिकलो आहे.

म्हटलं, मोजूया तर मग. आधी तुझ्या घड्याळालाच मोजूया. वही केली. पाच आठवडे रोजच्या रोज, तारीख-वेळेसकट. अकरा चुका निघाल्या.

दुकानापासून कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यापर्यंत जाऊन यायला मला चारशे बारा पावलं लागतात. तीनदा मोजली. घड्याळ म्हणतं तीनशे एकाहत्तर. तेच हातात चहाचा थर्मास धरून गेलो तर एकशे चार, कारण हात हलला नाही. आणि दुकानात स्टुलावर बसून, दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशीनच्या शटलची कड कानसीने घासत होतो तेव्हा वीस मिनिटांत तेराशे पावलं झाली. वर शाबासकी. मी जागचा हललो नव्हतो.

समोरच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या बाई तुला आठवत असतील, लग्नाचे कपडे शिवतात त्या. त्यांच्या मुलीने त्यांनाही असलंच घड्याळ दिलं. बाई दिवसाचे नऊ तास पायमशीन मारतात. पोटऱ्या बघितल्यास तर सायकलवाल्याच्या वाटतील. आणि घड्याळ दर तासाला सांगतं, फार वेळ बसून आहात, उठा. चिडून त्यांनी ते घोट्याला बांधलं. पावलं झाली एकोणीस हजार, पण ठोके सापडत नाहीत म्हणालं. म्हणजे बाई चालतायत, पण जिवंत नाहीत.

हसू नकोस. हे आता सगळीकडे आहे. पूर्वी गिऱ्हाईक मशीन टेकवून बसायचं, चार गोष्टी बोलायचं. आता दहातले सात जण मनगटाकडे बघतात आणि "आठशे राहिलीत" म्हणत माझ्या दुकानात फेऱ्या मारतात. तेलाच्या डब्याला परवा दुसऱ्यांदा लाथ बसली. बरं, ज्याने चालायची आठवण करून द्यायची ते स्वतः दीड दिवसात आडवं होतं. आपल्या दुकानातलं सर्वांत जुनं हातमशीन माझ्याआधीपासून चालतंय, त्याला कोणी भिंतीला लावून ठेवलं नाही. घड्याळातली अक्षरं एवढी बारीक की वेळ बघायला चष्मा शोधावा लागतो, आणि बोट तेलकट असलं की ते मला ओळखत नाही. माझं बोट तेलकट नसतं कधी?

चांगलं तेही लिहिलं आहे, वहीच्या मागच्या पानावर. चार मोटरी चालू असताना फोन ऐकू येत नाही, मनगटावर थरथरतं ते कळतं. रॉकेलमध्ये भाग भिजत घातले की वेळ लावता येते. फोन कापडाच्या ढिगात हरवला तर तो ओरडून सापडतो. जे आहे ते आहे. मी खोटं मोजत नाही.

आठवी चूक झोपेची. एका रात्री ते माझ्या हाताला असताना मी पडून छताचे वासे मोजत होतो आणि ते म्हणालं गाढ झोप, दोन तास दहा मिनिटं. नववी, दहावी, अकरावी वहीत वाच, किरकोळ आहेत.

सातवी राहिली. ती लिहिणार नव्हतो, पण वहीत सहानंतर आठ दिसलं तर तू विचारणारच.

एकाच मनगटावरून निकाल देणं बरोबर नव्हे, म्हणून १४ फेब्रुवारीला मी ते तुझ्या वहिनीच्या हाताला बांधलं. "भाऊजींनी तुम्हाला पाठवलंय, मला कशाला?" म्हणाली. मी म्हटलं, तपासणी आहे, बांध. १६ तारखेला दुपारी फोनवर मजकूर आला. ठोक्यांची लय अनियमित आढळली, डॉक्टरांना भेटा. दोन दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा.

माझ्या हातावर असताना असं एकदाही म्हणालं नव्हतं. पण म्हणून लगेच घाबरायचं? जे यंत्र स्टुलावर बसलेल्या माणसाला तेराशे पावलं चालवतं, त्याच्या शब्दावर? मी तिचा हात धरला, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघितला आणि पूर्ण मिनिट मोजलं. शहात्तर. तुझं घड्याळ म्हणालं पंचाहत्तर. वेगवेगळ्या दिवशी नऊ वेळा मोजलं, दोघांत दोनच्या वर फरक पडला नाही. आकडा बरोबर, मग बिघडलंय काय? शेवटी तीच म्हणाली, "झालं असेल मोजून तर हात सोडा, भाजी करपते."

ती बरी आहे. तू विचारशीलच म्हणून सांगतो. जरा दमते. वर घरात जाताना मधल्या पायरीवर बसते, पण तिथे उजेड चांगला येतो, ती तिथे बसून काजं करते. वय झालं की माणूस थोडं बसतंच.

खोकं बांधून तयार आहे. उद्या टपालात टाकतो.


७ मार्च, दुपार

खोकं गेलं नाही. पत्र तिथेच राहिलं होतं, पुढे लिहितो.

काल सकाळी त्याच शिलाईवाल्या बाई मशीन घेऊन आल्या. शिवण एकसारखी येत नाही म्हणाल्या. आणि वर मलाच ऐकवलं, "मी पट्टी लावून मोजलंय हो, इंचाला दहाच टाके आहेत. मग बिघाड कुठे?"

मी चिंधी घातली, चाक फिरवलं आणि डोळे मिटले. तुला माहीत आहे मी कसं करतो ते. तीन टाके सरळ, मग एक रेंगाळला, मग दोन घाईघाईने त्याच्या अंगावर. दात्यांखालचा स्क्रू ढिला होता, कापड कधी ओढलं जात होतं, कधी नाही. मी म्हटलं, "बाई, इंचाला दहा भरतील हो. लांब गेलेल्याची भरपाई जवळ पडलेले करतात. मोजू नका, ऐका."

हे बोललो आणि पेचकस हातातच राहिला.

बाई म्हणाल्या, "काय झालं? इतकं मोठं काम निघालं का?" मी म्हटलं, बसा, आलोच. जिन्याकडे गेलो. ती मधल्या पायरीवर होती. मांडीवर ब्लाउज होता, पण सुईत दोरा नव्हता. मी शेजारी बसलो, तिचा हात घेतला. भिंतीकडे बघितलं नाही, काही मोजलं नाही. डोळे मिटले.

धाकट्या, तीन मिनिटं लागली नाहीत. दोन ठोके सरळ. मग काही नाही, इतका वेळ काही नाही की मला वाटलं माझंच बोट सरकलं. मग तीन, एकावर एक कोसळल्यासारखे. मग एक, एकटाच. मशीन असतं तर मी दाराबाहेरून ओळखलं असतं. मशीन असतं तर गिऱ्हाइकाला विचारलं असतं, इतके दिवस काय करत होतात?

तेच डॉक्टरने मला विचारलं. छातीवर तारा लावून कागदाची पट्टी काढली, आणि घड्याळ जे म्हणत होतं तेच म्हणाला. अशा लयीत आत रक्ताची गुठळी धरू शकते, ती डोक्यात गेली तर माणसाची एक बाजू जाते. आजवर झालं नाही हे नशीब. कधीपासून कळलंय तुम्हाला? मी म्हटलं, अठरा दिवस. तो म्हणाला, "मग थांबलात कशासाठी?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "यांची वही पूर्ण व्हायची होती."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. दुकान उशिरा का उघडलं, असं कोणी विचारल्यावर उत्तर द्यावं तशी म्हणाली. मी वही पुढे केली होती. डॉक्टरने पहिलं पान बघितलं, मिटली आणि बाजूला ठेवली. मग फोन मागितला आणि घड्याळाने अठरा दिवसांत टिपलेलं सगळं एकेक करून पाहिलं, काही कागदावर उतरवून घेतलं. माझे नऊ आकडे नऊच्या नऊ बरोबर होते. त्याला त्यांचा काही उपयोग नव्हता.

तू टेबलावर म्हणालास ते मला आठ महिने टोचत होतं. कानावर चालतं, कानावर चालतं. तुला दाखवायला म्हणून मोजायला बसलो, आणि ज्याच्यावर आजवर पोट भरलं तो कान गुंडाळून ठेवला. यात तुझी चूक नाही. तू घड्याळ पाठवलंस. तुझी शाळेची प्रत्येक चड्डी जिने शिवली तिच्या हाताला ते मी चाचणीसाठी बांधलं, आणि त्याने सांगितलं तेव्हा मी त्याच्याशी भांडत बसलो.

काल दोनदा तुझा नंबर लावला. तू उचलायच्या आत ठेवला. हे तोंडाने सांगता आलं नसतं.

गोळ्या कालपासून सुरू केल्या आहेत, रक्त पातळ राहायच्या आणि लय सांभाळायच्या. १९ तारखेला तुझ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात दाखवायचं आहे. तीन दिवस तरी तपासण्या चालतील. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मी तुला पुष्कळदा ऐकवलं आहे. आम्ही तुझ्याकडे उतरू का?

घड्याळ पाठवत नाही. तिच्या हातात आहे, तिथेच राहील. चार्जरसाठी मी बांधलेलं खोकं फोडावं लागलं, कात्री लागली. वही मात्र पाठवतो. अकरातल्या दहा चुका कायम आहेत, कंपनीला कळवायच्या तर कळव. तेराशे पावलं मी अजूनही मान्य करत नाही. सातवी खोडली आहे, लाल शाईने, तारीख-वेळ टाकून. पुढे सही केली आहे, कारण ती माझी होती.

वहिनी म्हणते, भाऊजींना उगाच घाबरवू नका, नुसतं येतोय म्हणून लिहा. तसंच लिहिलं आहे असं तिला सांगितलंय.

एक काम कर. तुझ्या घरापर्यंत पायऱ्या किती आहेत ते नीट मोजून कळव. आणि मधे कुठे तिला बसता येईल का, तेही.

तुझा,
दादा