उजवीकडे तीन घरं

१२ ऑगस्ट, मंगळवार
आजपासून काजलचं गणित माझ्याकडे. दादानं तिच्या अकरावीसाठी चिखलीची ट्युशन पाहून ठेवली होती, मीच बंद पाडली. घरात बी.एस्सी. काका असताना ट्युशन? खताच्या दुकानात बसतो म्हणून काय मॅथ्स विसरलो? उद्या वर्गमुळांचे ग्राफ. मोबाईल बंद. सगळं हातानं.

१३ ऑगस्ट
शिकवणं रक्तातच आहे. √x चा ग्राफ फर्स्ट क्लास काढला, शून्यातून निघाला. मग √(x−3). काजलनं तो उजवीकडे तीन घरं सरकवला. म्हटलं, वजा म्हणजे डावीकडे. ती म्हणे, "पण काका, सरनं उजवीकडं सांगतलं." म्हटलं, सर नवीन आहेत. तिनं खोडलं.

१६ ऑगस्ट, दुकानात
गिऱ्हाईक नव्हतं. सहज किमती टाकून पाहिल्या. x शून्य धरला तर वर्गमुळाच्या आत उणे तीन. गाडी तिथंच बंद. तीन धरला, तेव्हा कुठं शून्य आलं. म्हणजे ग्राफ तीनपासून निघतो. उजवीकडे.
सोमवारी तिचा पेपर. घरी गेल्याबरोबर सांगतो.

१७ ऑगस्ट
काल पाहुणे होते. आज सकाळी सांगणारच होतो, तर वहिनी काजलसमोर म्हणाल्या, "भाऊजी हायेत म्हणून निभलं." यावर काय बोलणार? शिवाय पेपरच्या आदल्या दिवशी पोरीला कन्फ्यूज करू नये.

१९ ऑगस्ट
पेपर तपासून आला. काजलचे सगळे ग्राफ डावीकडे. सरांनी वर्गात उभं करून विचारलं, कोणी शिकवलं? ती म्हणाली, मीच चुकले. घरीही तेच सांगितलं. माझं नाव नाही. रात्री जेवली नाही म्हणे. मलाही भाकरी गेली नाही. म्हणजे दुसरी गेली नाही.

२१ ऑगस्ट
"बेटा, चूक माझी." दिवसभर दुकानात पाठ केलं. संध्याकाळी काजल ओट्यावर ग्राफपेपर घेऊन बसली होती. मी तोंड उघडणार, तर तीच म्हणाली, "काका, बसा. x ले तीन टाका बरं." टाकला. तिनं टिंब दिलं, तिथून रेघ अलगद वळवत नेली. सुरेख.
आता बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "शाब्बास! मी तुझी परीक्षाच घेत होतो."
तिनं ग्राफपेपरची घडी घातली. मग म्हणाली, "हाव, काका." आत वळून पाहिलं, आई जवळ नव्हती. हळूच म्हणाली, "उद्या मुळाच्या बाहेर वजा येते. तवा ग्राफ खाली पलटते. आधीच सांगून ठेवलं. आईसमोर तुमाले अडचण नको."
मी मान डोलावली.
हेही मला माहीत नव्हतं.