मार्गरेटचं गाणं कितव्या नंबरावर होतं

गुरुवार, संध्याकाळ. जॉन्सनव्हिल.

आज जेवणावर मनच नव्हतं. मी ज्या वृद्धाश्रमात नर्स आहे, तिथल्या मार्गरेट रविवारी गेल्या. त्या आणि त्यांचे यजमान जॅक तरुणपणी एका अमेरिकन प्रेमगीतावर नाचताना भेटलेले. ते गाणं तेव्हा लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर होतं, असं त्या म्हणायच्या. जॅक म्हणायचे, यादीत कधी आलंच नाही. जन्मभराचा वाद. तीन आठवड्यांपूर्वी मार्गरेटनी माझा हात धरला होता. "तू तरी शोधून सांग गं." मी हो म्हटलं, आणि राहूनच गेलं.

आज शोधलं. पाच मिनिटं लागली. त्या काळी अमेरिकेत काळ्या गायकांच्या रिदम अँड ब्लूज संगीताची यादी वेगळी असायची. त्या यादीत हे गाणं कित्येक आठवडे पहिलं. मुख्य यादीत मात्र नाहीच. तिथे पोचलं ते एका गोऱ्या गायकाने पुन्हा गायलेलं. म्हणजे दोघंही बरोबर. पाच मिनिटं फक्त. तेव्हाच काढली असती तर काय बिघडलं असतं माझं?

दुपारी जॅकना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझं राहू दे. ती बरोबर होती, एवढंच लिहून दे."

मी लिहून दिलं. उद्या तो कागद मार्गरेटच्या शवपेटीत ठेवणार आहेत. मी निघताना जॅकनी माझे आभार मानले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.