माझं मत आणि शेजाऱ्याची भिंत

४ मार्च, सकाळ
आजपासून प्रत्येक पुस्तकावर संतुलित मत नोंदवायचं. डोक्यावर बर्फ ठेवून वाचायचं. मी मुळात शांतच आहे. सुरुवात रहस्यकथेने.

४ मार्च, दुपार
खुनी माळी निघाला! अख्ख्या पुस्तकात हा माळी होता कुठे? लेखकाचा गळाच धरला असता. तो हाताशी नव्हता, म्हणून पुस्तक भिंतीवर हाणलं. पलीकडे जिमवाला राहतो. त्याच्या आईचा फोटो खाली पडला म्हणे. एवढे दंड कमावलेत, खिळा नीट ठोकता येत नाही?

७ मार्च
कवितासंग्रह. पहिल्या पानावर चंद्र, दुसऱ्यावर चंद्र, तिसऱ्यावर अर्धा. भिरकावला. कवितेत वजनच नाही. भिंतीपर्यंत पोचली नाही, मध्ये चहा पीत बसलेल्या मेहुण्याच्या भुवईवर बसली. रक्त आलं थोडं. बायको म्हणाली, तुम्हाला माणसांत ठेवायची सोय नाही. तिच्या भावाला चुकवता आलं नाही, त्यात माझा काय दोष?

११ मार्च
मुलीने कादंबरी लिहिलीय! शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. बायको तिला म्हणाली, बाबांना दाखव. तर म्हणे, नको, हाणतील. घरात एवढा जाणकार असून! तिच्यासमोर शपथ घेतली, यापुढे पुस्तकावर हात उगारणार नाही. सरावासाठी राग जिंकण्याचं एक पुस्तक आणलं.

११ मार्च, संध्याकाळ
दीर्घ श्वास घ्या. पुढच्या पानावर पुन्हा दीर्घ श्वास घ्या. किती घ्यायचे? उभं फाडलं. फाडणं म्हणजे हात उगारणं नव्हे.

१५ मार्च
ऐतिहासिक कादंबरी, उशीएवढी जाड. पहिल्या लढाईत सरदाराचा डावा डोळा गेला. दुसऱ्या लढाईत त्याच्या दोन्ही डोळ्यांत अंगार फुलला! मीही दोन्ही हातांनी हाणली. गिलावा पडला. जिमवाला दारात हजर. मी म्हटलं, आधी हे वाच, मग बोल. तो म्हणाला, वाचलंय, आवडलं. माझं डोकंच फिरलं. ठोसा लगावला. तो बाजूला झाला. दाराची चौकट झाली नाही.

१६ मार्च
उजवा हात मोडला. हे डाव्या हाताने लिहितोय. दवाखान्यात जिमवाल्यानेच नेलं. घाबरला असणार.

२० मार्च
मुलीने आपणहून कादंबरी दिली! शपथेचा परिणाम.

२१ मार्च
वाचून काढली. त्यातली शिंपीण एका रात्रीत शिलाई मशीन उचलून नवऱ्याचं घर सोडते. तिथे मी रडलो. खरंच रडलो. ती परत येते का? पोरीने काय लिहिलंय! तिला सांगितलं, उत्तम आहे. ती हसली. म्हणाली, बाबा, हात प्लास्टरमध्ये आहे तुमचा. मी म्हटलं, डावा मोकळा आहे की, तरी हाणली नाही! ती म्हणाली, मला खरं मत हवंय. कागद गोळा करून घेऊन गेली.

२९ मार्च
शेवटचं प्रकरण झालं. मुलगी ते जिमवाल्याकडे वाचून दाखवतेय. बायको तिकडेच, मेहुणाही. मला कोणी बोलावलं नाही. गिलावा पडलाय तिथे कान लावून बसलोय. शिंपीण दारापाशी आलीय. आत जाते की माघारी फिरते? पोरीचा आवाज नेमका बारीक झाला. जरा मोठ्याने वाच, एवढंच सांगायचं होतं. भिंतीवर बोटाने हळूच वाजवलं.

वाचन थांबलं. कुणाची तरी खुर्ची सरकली. मग बायको म्हणाली, चला, आतल्या खोलीत बसू, झालं यांचं सुरू.