लुगड्याची गाठ

जयपूर, डिसेंबर १९६४, बुधवार संध्याकाळ

पडूनच लिहितेय. पट्ट्याखाली डाव्या बाजूला ओलं लागत होतं. घाम असेल, म्हटलं. या थंडीत?

लोंबणारं पोट कापून घेतल्यावर डॉक्टरांनी कॅनव्हासचा पट्टा दिला. श्वास मोकळा राहील एवढाच आवळा, म्हणाले. आईला मी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय. साताऱ्याहून माझं करायला आलेली ती, तिला पट्टा ढिला वाटला. दुपारी तिने वरून जुनं लुगडं गुंडाळलं, बाळंतिणीचं पोट बांधतात तसं करकचून. मी बांधू दिलं. का दिलं?

मग श्वास पुरेना. ओल वाढली. हे दौऱ्यावर. गाठीकडे हात जायचा आणि परत यायचा. सोडली आणि टाके उसवले तर?

शेवटी आईलाच हाक मारली. तिने गाठ सोडली, पट्टा उघडला. पिवळसर पाणी. आणि या कुशीपासून त्या कुशीपर्यंत टाक्यांची ओळ. हर्नियाला एवढी कशाला लागते? ती बघतच राहिली.

"शेजारच्या भाभीजींना डॉक्टरांना फोन करायला सांगते," म्हणाली. दारात थांबली, मागे न वळता विचारलं, "जावईबापू काही बोलले होते का, पोटावरून?"

ओल अजून वाढतेच आहे. डॉक्टर लवकर यायला हवेत, आई परत यायच्या आत, म्हणजे तिला उत्तर द्यावं लागणार नाही.