परतीचा डबा

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
ऑक्टोबर २००८

प्रिय हेमचंद्र,

तू केस कापायला गेला आहेस, तेवढ्यात हे लिहायला घेतलं आहे. उद्या निघशील तेव्हा हा कागद तुझ्या डब्याच्या तळाशी असेल, पोळ्यांच्या शेवटच्या चवडीखाली. म्हणजे तो तुझ्या हाती लागेल तो परतीच्या वाटेवर, पोळ्या संपत आल्यावर. चारचौघांत अहो-जाहो आणि पत्रात तू, ही आपली साखरपुड्यापासूनची वहिवाट. तू तेव्हा नागपूरला होतास, मी सांगलीला, आणि पोस्टमनची वाट आपल्यापेक्षा आपल्या घरचेच जास्त बघायचे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पुन्हा तुला पत्र लिहायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आली आहे, आणि खरं सांगू का, लिहिताना बरं वाटतं आहे.

कढीपत्त्याची कुंडी गेल्या आठवड्यात मी एकटीनेच आत ओढून घेतली. थंडी पडायला लागली आहे आणि तू येईपर्यंत तो वाळून गेला असता. काल आपल्या आश्लेषाचा बॉथेलहून फोन आला होता. दिवाळीला तिला रजा नाही, पण चकल्यांचं पार्सल पाठवायला हरकत नाही म्हणाली. लेक कामाला लागली की आईची गरज पार्सलपुरतीच उरते. तिने घराचं विचारलं. मी म्हटलं, बाबांनी या वेळी विषयच काढला नाही. त्यावर तिने घाईने पुन्हा चकल्यांचंच काढलं, आणि आश्लेषा विषय बदलते तेव्हा मला भीती वाटते, हे तुला माहीत आहे.

खरंच, या वेळी तू विचारलंच नाहीस. घर ठेवायचं की विकून आरव्ही, म्हणजे ते चाकांवरचं घर, घ्यायची, हा तुझा प्रश्न गेली दोन वर्षं प्रत्येक सुट्टीत जेवणाच्या टेबलावर यायचा. मी दर वेळी तो उडवून लावायचे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं मी म्हटलं होतं. गोगलगायीचंही पाठीवरच असतं पण तिला कोणी नावं ठेवत नाही, असं तू हसत म्हणाला होतास. या सुट्टीत मी उत्तरं तयार ठेवून बसले होते, आणि तू मुकाट्याने आमटी-भात जेवलास, ताट विसळलंस आणि गॅरेजचा दिवा दुरुस्त करायला निघून गेलास. तू विचारत होतास तोवर मला तुझा राग यायचा. तू विचारायचं सोडलंस तेव्हा मी तुझ्यामागे गॅरेजच्या दारापर्यंत आले आणि परत फिरले.

ज्या घरासाठी तू ट्रक धरलास, त्या घरात तू कधी राहिलाच नाहीस. ग्रीन कार्ड हातात पडलं, आपण हे घर घेतलं, आणि वर्षभरात तुझी नोकरी गेली. तुझ्यासारखे प्रोग्रॅमर तेव्हा गल्लोगल्ली रिकामे बसले होते. कोणी सामान बांधून पुण्याला परतलं, कोणी मोटेलं सांभाळायला लागलं. तू ट्रकचं लायसन काढून आलास, आणि मी ते हातात धरून हसले की रडले ते आता आठवत नाही. घर राहिलं. आश्लेषाचं शिक्षण झालं. तुझ्या वाट्याला मात्र तीन आठवडे रस्ता आणि तीन दिवस घर आलं, आणि माझ्या वाट्याला चार बेडरूम.

आणि डबा. आईने लग्नात लाडू भरून दिलेला तो मोठा स्टीलचा डबा, जो ट्रकमधल्या फ्रीजमध्ये ठेवला की दुसरं काही मावत नाही अशी तुझी कायमची तक्रार. पण तक्रार करणाऱ्याने तो कधी रिकामा आणला नाही. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, शेजाऱ्याचा असला तरी निदान चार दाणे साखर घालून द्यावी, ही तुझ्या आईची शिकवण तू अमेरिकेच्या हायवेवर पाळलीस. जॉर्जियाचे पीच आणलेस, टेक्सासचे अक्रोडासारखे पेकन आणलेस. न्यू मेक्सिकोच्या हिरव्या मिरच्यांचा मी ठेचा केला आणि तुला नागपूर आठवलं. एकदा आर्कन्सामध्ये रस्त्याकडेच्या शेतातली कापसाची बोंडं घेऊन आलास. त्यातली सरकी काढून मी वाती वळल्या आणि त्या वर्षी देवासमोर आर्कन्साचा कापूस जळला. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे की नवरा येतो तो डबा भरूनच येतो. त्या कौतुकात काहीतरी चुकतं आहे, हे मला कळलंच नाही.

ते कळलं जुलैमध्ये, कंपनीने बायकोला सोबत न्यायची परवानगी दिली आणि मी तुझ्याबरोबर अमरिलोपर्यंत आले तेव्हा. आपल्या घरापासून पाच मिनिटांवर जो फॉर्टी हायवे लागतो, ज्याची घरघर मी दिवसभर ऐकते, तोच रस्ता इतका लांब जातो हे मला नकाशावरून माहीत होतं. पण त्यावर बसून जाणं वेगळं. मी पायरी चढले तशी तू मला चपला दाराशी काढायला लावल्यास. मागच्या बर्थला माझ्या हरवलेल्या मोरपंखी साडीचा पडदा होता. ती साडी मी दोन वर्षं शोधत होते, चोरा. समोरच्या काचेपाशी जुन्या कॅलेंडरातला गणपती कापून लावलेला. रस्त्यावरची नजर न काढता तू मला सांगत होतास, साखर डावीकडच्या कप्प्यात मागे आहे, चहाचा मग खुंटीवर आहे, उशी हवी तर वरच्या फळीवर आहे. आणि मी पर्स मांडीवर घेऊन सीटच्या कडेला अंग चोरून बसले होते. टेनेसी लागलं तरी तशीच. शेवटी तू म्हणालास, “अगं, टेकून बस ना. आपलंच घर आहे.”

मी टेकून बसले, पण तो ‘आपलंच’ शब्द मला टोचत राहिला. कारण इथे, या चार बेडरूमच्या घरात, तू आलास की पहिला प्रश्न विचारतोस, “कुठला टॉवेल घेऊ?” दर वेळी. परवाही विचारलास. चमचे कुठल्या खणात आहेत ते विचारतोस. सकाळी पांघरुणाची घडी घालून पायथ्याशी ठेवतोस. आणि मीसुद्धा तू यायच्या आदल्या दिवशी चादरी बदलते, गोडाचं करते, आणि तू बसलास की आणखी काही हवं का म्हणून विचारत राहते. मला वाटायचं, हे प्रेम आहे. आहेच. पण हे पाहुण्याचं आदरातिथ्यही आहे, हेमचंद्र. तुझ्या घरात मी पाहुणी आणि माझ्या घरात तू पाहुणा. आपलं असं घर नाहीच.

त्या प्रवासाहून परत आल्यावर मी डबा घासायला घेतला, झाकण उघडलं, आणि आत काही नव्हतं. पोळ्यांचा चुरा तेवढा तळाशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो डबा रिकामा घरी आला होता, आणि तुझ्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्याही. सोबत होतो ना आपण. कोणी कोणाकडे जात नव्हतं, मग डब्यात काय घालायचं आणि कोणासाठी? मी नळ चालू ठेवून तिथेच उभी राहिले आणि पोटभर रडले. तू बाहेर गवत कापत होतास म्हणून तुला ऐकू आलं नाही.

त्यानंतर मी गप्प बसले नाही, एवढं आता सांगून टाकते. गेल्या महिन्यात रॅलेच्या बाहेर आरव्ही विकतात तिथे एकटीच गेले. विक्रेत्याला आधी वाटलं बाई रस्ता चुकून आल्या. मग त्याने एक गाडी उघडून दाखवली. दोन शेगड्या आहेत, म्हणजे एकीवर कुकर आणि एकीवर चहा. खिडकीशी कढीपत्त्याची कुंडी मावेल. देव वरच्या कप्प्यात बसतील, थोडे दाटीवाटीने, पण तेही इतकी वर्षं मोठ्या देवघरात एकटेच होते. बाथरूमबाहेर टॉवेलला एकच खुंटी आहे. दोघांचे टॉवेल एकावर एक टांगावे लागतील. ती खुंटी बघून मी बराच वेळ तिथे उभी होते. मग त्या गृहस्थाने मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. पुढे नीट नेली. मागे घेताना त्यांचं कचऱ्याचं पिंप आडवं केलं. तो बिचारा म्हणाला, सगळ्यांचं होतं.

ऑफिसातही विचारलं. मी औषधांच्या चाचण्यांचे अहवाल तपासते ते घरून तपासायची मुभा आहेच, तर घर कुठे आहे याच्याशी त्यांना काही कर्तव्य नाही, इंटरनेट असलं की झालं. ओक्लाहोमा सिटीत तुझ्या कंपनीच्या यार्डात तू माझी तुझ्या सहकाऱ्याच्या बायकोशी, डॉनाशी, ओळख करून दिली होतीस ना, तिच्याशीही बोलले. ती दोघं तिथल्याच कॅम्पग्राउंडवर आरव्ही लावून राहतात, शेजारी आपलीही लावता येईल, आणि तुझी गाडी तर आठवड्यातून एकदा त्या यार्डावरून जातेच. ती म्हणाली, महिनाभर घरासाठी रडशील, आणि मग नवरा घोरतो म्हणून रडशील. मला तुझं घोरणं ऐकून किती दिवस झाले, हे मी तिला सांगितलं नाही. मला भीती वाटते. दाराशी लावलेली जास्वंद सोडवत नाही, आश्लेषाच्या खोलीच्या भिंतीवरच्या उंचीच्या खुणा सोडवत नाहीत. विकायला हे वर्ष वाईट आहे असंही सगळे सांगतात. असेल. पण मला तू हवा आहेस, रोज नाही तर नाही, दर आठवड्याला, आणि पांघरुणाची घडी न घालणारा.

हे सगळं आत्ता तू केस कापून येशील तेव्हा तोंडाने सांगता आलं असतं. पण समोर आलास की मी तुला आणखी एक लाडू वाढेन आणि तू थँक्यू म्हणशील. म्हणून हे तुझ्या घरात, मोरपंखी पडद्याशी टेकून, तू सावकाश वाचावंस असं वाटलं. अंगणात विक्रीचा बोर्ड लावायला आपल्या दोघांच्या सह्या लागतात. माझी झाली आहे. तुझ्या उत्तराची मी वाट बघणार आहे, पण फोनवर सांगू नकोस, फोन नेमका डोंगरातच तुटतो. तुझं उत्तर हो असेल तर एवढंच कर. या खेपेला पेकन नकोत, मिरच्या नकोत, कुठल्या शेतातला कापूस नको. डबा रिकामा घेऊन ये.

तुझीच,
पद्मिनी