बेकरीच्या तळघराचं मागचं दार

ता. ३ मार्च
चि. ठोंब्यास ताईचा आशीर्वाद.
तुला अक्कल कधी येणार? कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ बनवतोस, बनव. आपली जुनी गल्ली त्यात घातलीस, घाल. पण बेकरीच्या तळघराला मागं दार कुठून आणलंस? तू म्हणालास म्हणून आत्याला खेळ दाखवला. दुकानाची पाटी, खिडक्या, जिना बघून बाई हरखली. मग शिपाई तळघरात उतरला आणि मागच्या दारानं पळाला. तिचा चेहराच उतरला.

खऱ्या लढाईत आठ वर्षांची पोर होती ती. धाकट्या भावाला घेऊन त्याच तळघरात लपली, धूर भरला, ती वाचली, तो गेला. आता एकच घोकतेय, दार होतं तर मला दिसलं कसं नाही. बाकी सगळं हुबेहूब, मग दारही खरंच असणार म्हणते. जेवण सोडलंय. फोनवर तू नुसती समजूत काढशील, खरं सांगणार नाहीस असं तिला वाटतं, तेव्हा कागदावर लिही. गोडगोड नको.
लोभ टिकवायचा असेल तर लवकर लिही.
ताई

ता. ७ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.
दार नव्हतं. ते मी घातलं. खेळात एकच वाट ठेवली की एखादा जिन्यापाशी बंदूक रोखून बसतो आणि बाकीचे अडकतात, म्हणून आम्ही दुसरी वाट काढतोच. बेकरी पडली तरी तळघर शाबूत आहे, मोजमापं घ्यायला मी स्वतः उतरलो होतो. मागची भिंत सलग दगडी, पलीकडं नुसती माती. तिथून कुणीच निघालं नसतं. आधी सांगायचं सुचलं नाही, चुकलं. दार काढून टाकतो.
तुझ्या शिव्यांसकट लोभ असू दे.
ठोंब्या

ता. ११ मार्च
चि. ठोंब्यास आशीर्वाद.
तुझं पत्र वाचून दाखवलं. सलग दगडी भिंतीपाशी आत्यानं मला थांबवलं, परत वाच म्हणाली. मग रडली ती रडलीच. मी तिला आवरलं नाही. नंतर उठून तोंड धुतलं, ताटावर बसली आणि भाजी खारट झाली म्हणून मलाच बोलली. माझा जीव भांड्यात पडला.

आता म्हणते, दार काढू नको, खेळातली पोरं तरी बाहेर पडू देत. मी म्हटलं, त्यात पोरं कुठली, सगळे बंदूकवाले बाप्ये. तर म्हणाली, असू देत. फक्त कडी खाली लाव, लहान मुलीचा हात पोचेल अशी. तुझा साहेब नाही म्हणाला तर त्याचा पत्ता मला दे, मी बघते. आत्यावर आणि माझ्यावर माया असेल तर कडी लागली की नाही ते शनिवारच्या आत कळव.
ताई